मामांचं पाणी

पाटणच्या आमच्या घरामागे ओढा होता. वर्षातला बराच काळ तो बडबडत असायचा, आणि पावसाळ्यात तर आई मला हाक मारायची ती त्याच्या आवाजावर आवाज चढवूनच. वडील लष्करात गाड्या चालवायचे. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली तेव्हा मी शाळेत नुकती जायला लागले होते. चुलत्यांनी आम्हाला घराबाहेर काढलं वगैरे काही नाही, माणसं चांगली होती, पण त्या घरात आईचा जीव रमेना. मग एक दिवस तिचा धाकटा भाऊ, माझे मामा, जीप घेऊन आले. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "चल ताई, पोरीला घिऊन चल. माझ्याकडं जागा हाय, जेवान हाय." अशा रीतीने आम्ही सातारा जिल्हा सोडून सांगली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जत तालुक्यातल्या कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या त्यांच्या गावी आलो. पहिल्या दिवशी मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. अंथरुणावर पडल्यावर समजलं, की बाहेर काहीच वाहत नाहीये.

मामा उंच, शिडशिडीत, बोलायला मोकळे. गाव त्यांना आण्णा म्हणायचं. गावात ज्याच्या त्याच्या बोअरला नुसती धूळ निघत होती त्या काळात मामांच्या बोअरला पाणी लागलं, आणि तेही थोडंथोडकं नाही. त्या पाण्यावर त्यांनी डाळिंबाची बाग केली, बागेच्या कडेला प्लास्टिक अंथरून शेततळं केलं, आणि उन्हाळ्यात आसपासच्या वाड्यावस्त्यांवर विकायला टँकर घेतला. टँकर नवा आला तेव्हा पेंटर बोलावून त्यांनी मागच्या बाजूला माझं नाव लिहून घेतलं : नंदा. अक्षरांभोवती वेलबुट्टी. मी ते नाव इतक्यांदा हात फिरवून पाहिलं की मामी ओरडली, "रंग वाळू दे गं आधी!" उन्हाळ्याच्या सुट्टीत मी केबिनमध्ये बसून वस्त्यांवर जायचे. हॉर्न वाजला की बायका पळत यायच्या, घागरी एकमेकींवर आपटायच्या, जाड पाइपातून पाणी बॅरलमध्ये पडताना आधी घुमायचं आणि बॅरल भरत आला की आवाज बारीक होत जायचा. केबिनमधून खाली बघताना मला वाटायचं, सगळं गाव माझ्या मामांची वाट बघतं. ते खरंच होतं. कशासाठी बघतं, हा प्रश्न मला पडला नाही, आणि त्या वयात तो कुणालाच पडला नसता.

मामी हद्दीच्या पलीकडची, विजापूरकडची. आमच्याशी मराठी बोलायची, पण कोंबड्यांशी, शेरडांशी आणि रागावली की मामांशी कन्नड. मी कन्नड शिकले ती तिच्या चुलीपुढे बसून. तिथे बसायला मिळावं म्हणून शेंगदाण्याचं कूट कुटून द्यायचे. तिची कडक बाजरीची भाकरी, हुलग्याचं गरम पातळ माडगं, सणाला शेंगांच्या पोळ्या. अजूनही परदेशात कुठे चांगल्या हॉटेलात जेवायला बसले की पहिल्या घासाआधी माझी जीभ ती चव शोधते. मामामामींना मूल नव्हतं. मला काय हवं नको ते मामा बघत, आणि कधी बोलून दाखवत नसत. आई मात्र रोज बोलून दाखवायची. ताटातलं काही टाकलं की म्हणायची, "भावाच्या घरात राहतोय आपण, इसरू नगस."

शाळा संपल्यावर मामांनीच मला सांगलीला कॉलेजात घातलं. आई म्हणत होती डी.एड. कर, जतमध्ये मास्तरीण हो. मामा म्हणाले, "तिला काय शिकायचं ते शिकू दे. पोरगीला डोस्कं हाय." सांगलीच्या वसतिगृहात पहिल्या सकाळी मी बेसिनपाशी उभी राहून बघतच राहिले. मुली तोंडात ब्रश धरून गप्पा मारत होत्या आणि नळ तसाच वाहत होता. मी जाऊन एकेक नळ बंद करायला लागले तेव्हा त्या हसल्या. "जतची आहेस का गं तू?" एकीने विचारलं. मी "व्हय" म्हटलं आणि त्या आणखी हसल्या. पुढचं वर्षभर मी 'हो' म्हणायचा सराव केला. 'आहे', 'नाही', 'कधी', 'तेव्हा'. मामांचा फोन आला की खोलीबाहेर जाऊन जिन्यात बोलायचे, कारण त्यांच्याशी बोलताना जीभ आपोआप जुन्या वाटेला लागायची आणि मैत्रिणींना ते ऐकू जायला नको असायचं. आज त्याच जिन्याची मला लाज वाटते, पण ती लाज तशी लहान. तरुण मुलामुलींना घराची लाज वाटतेच.

आम्हाला आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायला जोशी मॅडम होत्या. बारीक चणीच्या, सुती साडी, आवाज मात्र खणखणीत. देशादेशांतले तंटे त्या भाऊबंदकीसारखे समजावून सांगायच्या. एकदा दोन देशांतून वाहणाऱ्या नदीचा विषय चालला होता. वरच्या देशाने धरण बांधलं तर खालच्याने काय करावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, नदी दिसती तरी. आमच्याकडं पाणी जमिनीखाली हाय. वरनं हद्दीचा दगड हाय, पण खाली खडक एकच. हिकडं उपसलं की तिकडं आटतं." बोलून झाल्यावर मला आपली भाषा ऐकू आली आणि कान तापले. मॅडमनी मात्र खडू खाली ठेवला. "पुन्हा सांग," म्हणाल्या, "आणि अशीच सांग." त्या दिवशी माझा रस्ता ठरला असं मी मुलाखतींमधून सांगत आले आहे, आणि ते खोटं नाही. आमच्या गावची माणसं पाण्यासाठी कर्नाटकात सामील व्हायची भाषा बोलत, त्यावर मी पहिला निबंध लिहिला. मग एम.ए.चा प्रबंध, मग मॅडमच्या हाताखाली संशोधन सहायक. शाश्वत विकास हा शब्द मी तेव्हा दिवसातून कितीदा वापरायचे कोण जाणे. गावी गेले की मामांनाही समजावून सांगायचे. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं हाय की. सरकारला सांगा म्हणावं."

त्याच सुमाराला परदेशातल्या एका विद्यापीठाचा अभ्यासगट आला. हद्दीवरच्या कोरड्या मुलुखांतली माणसं पाणी कसं वाटून घेतात, असा त्यांचा विषय. गटप्रमुख केनियाच्या अकिन्यी बाई. त्यांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही येणारं माणूस हवं होतं, आणि मॅडमनी माझं नाव दिलं. काम पसंत पडलं तर पीएच.डी.साठी त्यांच्या विद्यापीठात जागा मिळण्याची शक्यता होती. मी गाव सुचवलं ते अर्थात आमचंच. मला दाखवायचं होतं. मामांना फोन केला तर ते भलतेच खूश. "येऊ द्यात. जेवान आपल्याकडं. बकरं कापतो."

शाळेच्या पटांगणात कडुलिंबाखाली बैठक ठरली. मामांनी स्वतः सतरंज्या, खुर्च्या, थंड पाण्याचे जार पोचवले. अकिन्यी बाई गाडीतून उतरल्या तेव्हा पोरं त्यांच्या वेण्यांकडे बघत राहिली, बायका कुजबुजल्या. पण त्या सरळ बायकांच्यात सतरंजीवर जाऊन बसल्या. त्यांची आजी शेळ्या राखायची असं त्यांनी सांगितलं, मी ते कन्नडमध्ये सांगितलं, आणि बायका एकदम मोकळ्या झाल्या. मामा पुढच्या खुर्चीत, पांढरी शुभ्र टोपी, मांडीवर हात. माझी आई आणि मामी बायकांच्या मागच्या ओळीत. मी मध्ये उभी, वही हातात, आणि खरं सांगायचं तर छाती फुगलेली. इकडचं वाक्य तिकडे, तिकडचं इकडे. कुणी पावसाचं सांगितलं, कुणी कॅनॉलचं, कुणी पुढाऱ्यांना शिव्या दिल्या त्या मी सौम्य करून सांगितल्या.

मग रत्नाक्का उठल्या. माळावरच्या वस्तीवर राहायच्या, शेरडं होती, नवरा ऊसतोडीला जायचा. त्यांच्या बोलण्यात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. म्हणाल्या, "पावसाचं काय सांगतासा? पाऊस आमच्या सासूच्या येळेला बी असाच हुता. पर आमच्या माळावरची हीर कवा आटली न्हवती. आण्णांनी बोअर मारल्या, एकापक्षी एक खोल, तवा आटली. नीर इल्ल, पाणीच न्हाई. आता आमचंच पाणी आमी आण्णांकडनं इकत घेतो. हे सांग त्या बाईस्नी. बरूबर सांग, नंदा."

रत्नाक्कांच्या आवाजात राग होता असंही नाही. हिशेब नीट सांगावा तसं त्या बोलल्या होत्या. मी हे कधी ऐकलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. गावात कुणीकुणी तोंडातल्या तोंडात बोलायचे. पण इतक्या लोकांत, माझं नाव घेऊन, कुणी बोललं नव्हतं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात माझाच प्रबंध उघडला. हिकडं उपसलं की तिकडं आटतं. मी ते हद्दीच्या दगडासाठी लिहिलं होतं. दोन राज्यांसाठी. आपल्या परसातल्या बोअरपासून माळावरच्या विहिरीपर्यंत मी ते वाक्य कधी नेलंच नव्हतं. अंगावरची साडी, वसतिगृहाची खोली, प्रबंधाची बांधणी, तोंडातलं इंग्रजी, सगळं त्या विहिरीतून आलं होतं, आणि समोरच्या बायकांना ते माझ्याआधी माहीत होतं.

"काय म्हणतायत त्या?" अकिन्यी बाईंनी विचारलं.

मामा खुर्चीतून जरासे पुढे वाकले. आवाज हळू, पण पुढच्या ओळींना ऐकू जाईल इतका. "नंदा, तेवढं ऱ्हाऊ दे. पाऊस न्हाई म्हनून हीर आटली, आसं सांग. घरातलं घरात बघू."

त्यांनी हुकूम सोडला नव्हता. विनवलंच होतं जवळजवळ. मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर कदाचित तसंच सांगितलं असतं. मी बघितलं नाही. अकिन्यी बाईंकडे तोंड करून मी रत्नाक्कांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, आणि शेवटी पुस्ती जोडली, की या बोअर माझ्या मामांच्या आहेत, मी त्यांच्या घरात वाढले, माझं शिक्षण याच पाण्यावर झालं. मामांना इंग्रजी येत नव्हतं. पण 'अंकल' हा शब्द गावात पोराटोरांना येतो. तो ऐकला आणि मामा मागे टेकले. टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

मी खरं बोलले याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. पण खरं बोलल्यावर बरं वाटतं असं लोक म्हणतात, त्यातलं काही मला त्या लिंबाखाली वाटलं नाही. मला लाज वाटत होती. मामांची वाटत होती, मामांसमोर माझी वाटत होती, रत्नाक्कांसमोर दोघांची. कुठे बघावं कळेना म्हणून मी वहीत बघत राहिले, आणि वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

बैठक संपल्यावर जेवण मात्र ठरल्याप्रमाणे आमच्याच घरी झालं. मला वाटलं होतं मामा निघून जातील. ते गेले नाहीत. सोप्यात पंगत बसली आणि मामा स्वतः वाढायला उभे राहिले. मामीने सकाळपासून चुलीवर मटण शिजवलं होतं, रश्श्याचा वास अंगणभर होता. मामांनी प्रत्येक पाहुण्याच्या ताटात वाकून रस्सा वाढला, भाकरी मोडून दिली, अकिन्यी बाईंना हातानेच खूण करून विचारलं, तिखट होतंय का. त्या नाही म्हणाल्या आणि डोळे पुसले. माझ्या ताटापाशी आले तेव्हा थांबले नाहीत आणि चुकवलंही नाही. इतरांना वाढलं तेवढंच वाढलं. तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. आईचं लक्ष ताटाकडे होतं, म्हणून मी सगळं संपवलं.

पाहुणे गेल्यावर आई माझ्याशी बोलली ती भांडी घासता घासता, वर न बघता. "तुजा बाप गेला तवा ह्यो मानूस जीप घिऊन आला. कुनी बोलवलं न्हवतं."

"आई, रत्नाक्का खोटं बोलल्या का?"

"मी खरंखोटं इच्यारलं न्हाई तुला." तिने परात पालथी घातली. "आता मी कुठल्या तोंडानं ऱ्हाऊ हितं, त्येवढं सांग."

मामा परड्यात शेरडाला पाला घालत होते. मी जाऊन उभी राहिले. पाला घालता घालताच म्हणाले, "खोटं न्हाई बोललीस. तुला खोटं बोलायला शिकवलंच न्हाई कुनी. पर माज्याच गावात, परक्या मानसाम्होरं... जाऊ दे. गाडी चुकंल तुजी."

मला ती पीएच.डी.ची जागा मिळाली. निवडीच्या पत्रात माझ्या सचोटीचा उल्लेख होता, आणि जोशी मॅडमनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आई थोड्याच दिवसांत पाटणला परत गेली, चुलत्यांकडे. मामांनी तिला थांबवून पाहिलं, मामी रडली, पण ती गेली. मी परदेशी गेले, शिकले, मग कामाला लागले. नद्यांचे करार, भूजलाचे मसुदे, देशोदेशींच्या बैठका. आणि जिथे जाईन तिथे मी ती लिंबाखालची गोष्ट सांगायचे. मोठे अधिकारी, जे एरवी मोबाइलमध्ये बघत बसतात, ते ती ऐकताना मान वर करायचे. गोष्ट नेहमी एकाच जागी संपायची : मामा टोपी काढतात, पुन्हा घालतात. त्यानंतर मी क्षणभर थांबायचे. ते थांबणंही मला चांगलं साधलं होतं.

पुढे काय झालं ते मला माहीत होतं. आईने फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या का तिसऱ्या उन्हाळ्यात मामांनी टँकर विकून टाकला. सगळ्यात मोठी बोअर ग्रामपंचायतीच्या नावाने करून दिली, तिच्यावर माळावरच्या वस्तीपर्यंत नळ गेला. डाळिंबाची बाग पाण्यावाचून वाळली. का केलं, कुणी सांगितलं, ते मामा कुणाला बोलले नाहीत. मी सुट्टीत गेले की एक दिवस राहून यायचे, मामी पोळ्या बांधून द्यायची, मामा पिकापाण्याचं बोलायचे. वाळलेल्या बागेवरून आम्ही दोघंही वळून जायचो.

मागच्या हिवाळ्यात सांगलीच्या माझ्या कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं. आता माझेही केस पिकलेत, मुली मला वाकून नमस्कार करतात. मराठीत बोलायचं होतं. बोलता बोलता मी लिंबाच्या गोष्टीपाशी आले, "माझ्या मामांच्या" एवढं म्हटलं, आणि शेवटच्या रांगेत मला पांढरी टोपी दिसली. शेजारी मामी. पेपरात वाचून एस.टी.ने आले होते, मला कळवलंही नव्हतं. मी तोंडातलं वाक्य दुसरीकडे वळवलं. आमच्या भागातल्या पाण्याविषयी काहीतरी बोलले, नदीच्या खोऱ्यांकडे गेले आणि व्याख्यान संपवलं. टाळ्या नेहमीसारख्याच झाल्या. कुणाला काही कळलं नाही.

बाहेर कॉलेजच्या कट्ट्यावर मामा बसले होते. मी पाया पडले.

"गोष्ट गाळलीस व्हय गं?" ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकले.

"शेजारच्या पोरानं मोबाइलवर दाखवली हुती तुजी गोष्ट. इंग्रजीत. त्यानं सांगितलं समजावून, कुठं कुठं काय बोलतीस ते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, खोकला होता. "त्या दिशी माज्या तोंडावर बोललीस, तवा राग आला लय. पर मनात म्हटलं, पोरगी भित न्हाई. आज मला बघून गप बसलीस, तवा वाटलं, आरं, म्हंजे ही माज्या माघारीच सांगतीया व्हय इतकी वर्सं."

"मामा, तुमाला वाईट वाटंल म्हणून..." माझ्या तोंडून आपोआप जुनी भाषा आली.

"वाईट वाटायचं ते वाटून ग्येलं. बाग वाळली तवा ही आठ दिस जेवली न्हाई." त्यांनी मामीकडे बघितलं. मामी पदराशी चाळा करत दुसरीकडे बघत होती. "मी लबाड हुतो, सांग की. हुतोच. पर मानूस तितंच खुर्चीत बसून ऱ्हायला, आसं सांगू नगस. म्या उठलो हुतो नंतर. त्ये बी सांगत जा."

कॉलेजची मुलं फोटो काढायला आली, "मॅडम, मॅडम" करत. त्यांच्यातल्या एका मुलीने नम्रपणे विचारलं, हे कोण. मी मामांचा हात धरला. नुसती कातडी आणि हाडं होती. "माझे मामा," मी म्हटलं. "बस जरा इथं. मघाशी व्याख्यानात एक गोष्ट अर्धी राहिली, ती सांगते." मुलं कट्ट्याभोवती बसली, आणि मी मामांच्या देखत, लिंबाखालच्या त्या दिवसापासून सुरुवात केली. मध्ये चुकलं तिथे मामा मला थांबवत होते.